गैरहजर बाईच्या जागी

रविवार, ४ फेब्रुवारी. ऊन चांगलं पडलं. पलंगपोस वाळत घातले. मोरीतला नळ पुन्हा गळतोय. धाकटी क्लबच्या साठीपुढच्या बायकांच्या स्पर्धेत खेळली. बाद झाली आणि जिंकलीही.

थोरल्या बहिणीच्या रोजनिशीतली ही धाकटी म्हणजे घरची 'बदली'. नाव चिडवण्यासाठी ठेवलेलं असलं, तरी ते तिने कमावलेलं आहे.

टेनिस हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. शाळेच्या धोबीखान्याच्या भिंतीवर चेंडू मारमारून ती शिकली. भिंतीचं प्लॅस्टर सुटलं, तेव्हा मुख्याध्यापिका सिस्टरनी वडिलांना बोलावून सांगितलं, की मुलीला मैदान तरी मिळवून द्या, नाहीतर गवंडी तरी पाठवा. वडिलांनी दोन्ही केलं.

मोठ्या स्पर्धेत शिरण्यासाठी आधी पात्रतेचे सामने जिंकावे लागतात. बदली ते ओळीने जिंकायची आणि शेवटचा हमखास हरायची. पण नियम असा होता, की मुख्य स्पर्धेतली कुणी ऐनवेळी आलीच नाही, तर तिची जागा हरलेल्या पण हजर असलेल्या मुलीला मिळणार. बाकीच्या हरलेल्या मुली बाजारात भटकायला जात. ही पंचांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसायची. बुटांच्या नाड्या बांधलेल्या, केस आवळलेले, रॅकेट मांडीवर. जेवणघरात कुणी नुसतं खोकलं, तरी हिचे कान टवकारायचे. कुणाचं वाईट चिंतायचं नाही ही शाळेची शिकवण मात्र पक्की होती. म्हणून ती देवाकडे एवढंच मागायची, की कुणाला तरी हलकासा, लवकर बरा होणारा आजार होऊ दे.

देवाने तिला बऱ्यापैकी सांभाळलं. नवराही असाच मिळाला. स्पर्धेच्या डॉक्टरांची ठरलेली नवरी आयत्या वेळी फिरली, तेव्हा ही बाहेर खुर्चीवर होतीच. संसार झकास झाला. डॉक्टर गेल्यावर ती थोरल्या बहिणीकडे राहायला आली, आणि तिथेही पाहुण्यांच्या पंगतीत दाराजवळ बसू लागली. न जाणो, कुणी यायचं राहिलं तर.

तिचा सगळ्यात मोठा विजयही बदलीतलाच. अंगावर मैत्रिणीचा स्कर्ट, समोर चौथ्या मानांकनाची खेळाडू, आणि हिने तिला धूळ चारली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. खाली नाव छापलं होतं न आलेल्या मुलीचं. पोट बिघडून खोलीत पडलेल्या त्या मुलीला घरून अभिनंदनाच्या तारा आल्या. तेव्हापासून बदलीच्या मनात एकच गोष्ट घर करून राहिली. एकदा तरी आपल्या नावाने मैदानात उतरावं, आणि जिंकल्यावर ते नाव सगळ्यांनी ऐकावं.

क्लबच्या या स्पर्धेला पात्रतेची भानगडच नव्हती. जेमतेम आठ बायका मिळाल्या होत्या. बदलीचं नाव पहिल्यांदाच थेट मुख्य स्पर्धेत लागलं. पंधरा दिवस तिने घर डोक्यावर घेतलं. दूधवाल्यालासुद्धा दोनदा सांगून झालं.

रविवारी तिच्या आधी एक सामना चालू होता. खेळाडूंसाठी मंडपात गाद्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पण बदलीचे पाय सवयीने पंचांच्या खोलीकडे वळले. दाराशी एक मोडकी खुर्ची होती. तिच्यावर ती बसली, नाड्या आवळल्या, आणि तिला घरी आल्यासारखं वाटलं.

आधीच्या सामन्यात एकीची कंबर धरली आणि खेळ लवकर आटोपला. कर्ण्यावरून पुढच्या बाईंचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. पलीकडच्या पायऱ्यांवरून थोरली बहीण जिवाच्या आकांताने छत्री हलवत होती. बदलीनेही प्रेमाने हात हलवला. तिसऱ्यांदा पुकारलं, तसं तिचं रक्त उसळलं. कुणाला पुकारतात याच्याशी तिला कधीच देणंघेणं नव्हतं. तिसऱ्यांदा पुकारलं म्हणजे कुणीतरी आलेलं नाही, एवढं तिला पुरे होतं. ती उठली आणि थेट आत शिरली.

पंच म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. नियमापुढे सख्ख्या भावाचंही ऐकणार नाहीत असे.

"मास्तर, कोण आलं नाही?"

"एक बाई. तीनदा पुकारलं. आता बाद."

"अरेरे," बदली म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. "मी तयार आहे. घ्या मला."

मास्तरांनी नाव विचारलं. तिने सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, न आलेल्या त्या तुम्हीच."

बदलीचा चेहरा पडला. एवढ्यात थोरली धापा टाकत पोचली आणि मास्तरांना म्हणाली, की समोर धडधाकट उभी आहे ती, खेळू द्या की. मास्तर म्हणाले, बाद म्हणजे बाद. मात्र गैरहजर बाईची जागा खोलीशी तयार असलेल्या कुणालाही देता येते, आणि या तर तयार आहेत.

"म्हणजे माझ्या जागी मी?"

"नियम आड येत नाही."

"जन्मभर दुसऱ्यांच्या दुखण्यांवर जगलीस," थोरली म्हणाली. "आता स्वतःलाही सोडू नकोस."

बदलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. नावाने उतरायची एकुलती एक संधी, तीही बदलीतच गेली. मग तिने नाक पुसून विचारलं, की जिंकले तर कर्ण्यावर काय सांगाल? मास्तर म्हणाले, पद्धतीप्रमाणे दोन्ही नावं. न आलेलीचं आणि तिच्या जागी खेळलेलीचं.

बदलीने रॅकेट उचलली.

समोर होती दातांची डॉक्टरीण. गेल्याच महिन्यात तिने बदलीची दाढ काढली होती. जाळीपाशी येऊन तिने गोड आवाजात दाढेची चौकशी केली. बदली सरळ आपल्या रेषेपाशी जाऊन उभी राहिली. दुसऱ्याच्या जागी खेळताना ती नेहमीच बेफिकीर असायची; स्वतःच्या जागीही तशीच खेळली. डॉक्टरीणबाईंची दमछाक झाली. शेवटचा चेंडू त्यांच्या पायांमधून गेला आणि त्या मागे वळून बघतच राहिल्या.

मग कर्णा खरखरला. बदलीचं पूर्ण नाव घेऊन सांगितलं, की या गैरहजर राहिल्यामुळे त्यांच्या जागी खेळलेल्या, आणि पुन्हा तेच पूर्ण नाव, विजयी झाल्या आहेत. पायऱ्यांवर हशा पिकला. बदली मान ताठ करून खोलीत गेली आणि म्हणाली, "मास्तर, हसण्यात नीट ऐकू आलं नाही. परत सांगता?"

मास्तरांनी शब्दही न बदलता परत सांगितलं.

त्या संध्याकाळच्या नोंदीत शेवटी एवढंच आहे: धाकटीचे मोजे तांबड्या मातीने भरलेले. भिजत घातले. कपड्यांचा साबण संपला.