दाखल्याच्या अर्जावरची 'कै.' सही

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि बरेचसे विसरलोही. शाळेच्या दाखल्याचं एक साधं प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही.

रहिमतपूरच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. जूनमध्ये एक मुख्याध्यापक तक्रार घेऊन आले. आठवी पास झालेल्या एका मुलीचा दाखला त्यांच्या क्लार्कनं गर्दीत, अर्जावर वडिलांची सही पाहून देऊन टाकला होता. तिच्या मामानं तो सांगलीकडच्या शाळेत नववीसाठी दिला, तेव्हा तिथं कळलं की मुलीचे आई-वडील सुट्टीतच अपघातात गेलेत. तिथून फोन आला आणि मुख्याध्यापक घाबरले.

त्या दिवसांत आम्ही भरतीसाठी खोटे दाखले विकणारी टोळी शोधत होतो. मला वाटलं, धागा सापडला. गुन्हा दाखल केला, अर्ज आणि मूळ दाखला पंचनामा करून जप्त केला. दाखला आणि अर्जाची एक प्रत ठेवून दोन्ही मूळ कागद पुण्याला हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवले आणि मामाला उचलून आणलं.

मामा द्राक्षबागेतला मजूर. दोन तास मी त्याच्यावर ओरडलो.

"आवं सायब, मला वाचाया येत न्हाई. पोरीनं कागद दिला, मी न्हेऊन दिला. आदी माझ्या सहीचा अर्ज जुन्या शाळंनं दोनदा मागं धाडला. कोर्टाचा पालकाचा कागद आण म्हनले. त्यो कुठनं आनू?"

मी अर्जाची प्रत पुन्हा काढली. सहीतलं पहिलं अक्षर मी आद्याक्षर समजलो होतो. ते 'कै.' होतं. माणसानं स्वतःच्याच सहीत स्वतःला कैलासवासी केलं होतं. टोळीवाले असली चूक करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी महिला शिपायाला घेऊन मामाच्या घरी गेलो. मुलीनं लगेच सांगितलं.

"मीच केली सही. बाईंनी शिकवलंय, वारलेल्या मानसाच्या नावाआधी कै. लिवायचं. नुसतं नाव लिवलं असतं तर खोटं झालं असतं."

मला तिच्याकडे बघवेना. तिच्यावर कारवाई केली नाही, मामालाही सोडलं. पण दाखला पुण्यात होता. नवी शाळा मूळ दाखल्याशिवाय घेईना. जुनी म्हणे, प्रकरण पोलिसांत आहे, दुसरा देता येत नाही. मी एक स्मरणपत्र धाडलं आणि बंदोबस्ताच्या कामाला लागलो.

दाखला सव्वा वर्षानं परत आला. मी स्वतः घेऊन गेलो. पोरगी बागेत स्टुलावर उभी राहून कात्रीनं घडांतले जादा मणी काढून विरळणी करत होती. तिनं कात्री खाली ठेवली नाही.

"तुमीच ठेवा सायब. हितं भिजंल. माज्या वर्गातल्या पोरी धाव्वीला गेल्या."

सही करायला कुणी नसलेल्या मुलाचा कागद प्रत्येक टेबलावर अडतो, आणि त्यातलं एक टेबल माझं होतं. साक्षांकित प्रत फाईलला लावून मूळ कागद मी पहिल्याच दिवशी देऊ शकलो असतो. ते सुचलं नाही, याची लाज अजून वाटते.

दाखला माझ्या कपाटात आहे. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यात लिहिलंय, 'पुढील शिक्षणासाठी'.