नव्या शर्टावर कात्री

चांगलं कापड वाया घालवणं टेलरमावशींच्या जिवावर यायचं. त्यामुळे दुकानांच्या इमारतीत जिन्याखाली बंद पडलेल्या हृदयाला शॉक द्यायचं मशीन बसवलं आणि नर्सबाई ते मशीन व छाती दाबून द्यायचा सीपीआर शिकवायला आल्या, तेव्हा मावशी सरावाच्या पुतळ्याच्या शर्टाची बटणं निगुतीनं एकेक काढत बसल्या.

"मावशी, तोवर माणूस जाईल! सरळ कापा," नर्सबाई म्हणाल्या.

"धडका शर्ट?"

मावशींची धाकटी जाऊ दुकानात काज-बटणं करायची. ती फिदीफिदी हसली. "आमच्या ताई आधी माप घेतील!"

मावशींना ते चांगलंच झोंबलं. घरी उशी जमिनीवर ठेवून त्या रोज सराव करू लागल्या.

महिन्याभरानं गुरुजी शर्ट घालून बघायला आले. निवृत्त मास्तर, चुका काढायची सवय सुटली नव्हती. शर्ट तीनदा उसवून झाला होता. "डावा खांदा अजून उतरतोय," म्हणता म्हणता ते आरशासमोर कोसळले.

मावशींनी खांदे हलवून हाका मारल्या. हूं नाही की चूं नाही. श्वासही दिसेना, मधूनच नुसती घरघर.

"ॲम्ब्युलन्सला फोन कर! आणि जिन्याखालचं शॉकचं मशीन आण, पळ!"

जाऊ फोन कानाला लावतच पळाली. मावशींनी गुडघे टेकले, छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवला आणि कोपर ताठ ठेवून दाबायला लागल्या. जोरात, सेकंदाला जवळजवळ दोनदा, पायमशीन चालवावं तशा एका लयीत.

जाऊ मशीन घेऊन आली. झाकण उघडताच ते बोलू लागलं : छातीवरचे कपडे काढा.

"आता तू दाब!"

"मी तर तेव्हा नुसती हसत होते हो!"

"मग आता दाब!"

मावशींचा हात सवयीनं शर्टाच्या बटणाकडे गेला. क्षणभरच. मग मोठी कात्री खालपासून गळ्यापर्यंत करकर चालली. त्यांनी मशीनच्या चिकट पट्ट्या, त्यांवरच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे, छातीवर चिकटवल्या. मशीननं दूर व्हायला सांगितलं, शॉक दिला, पुन्हा दाबायला लावलं. दोघी आळीपाळीनं दाबत राहिल्या. ॲम्ब्युलन्सवाले दारात पोचले तेव्हा गुरुजी कण्हले.

दोन महिन्यांनी ते तो शर्ट पिशवीत घालून हजर.

"सरळसुद्धा कापता आला नाही तुम्हाला?"

"बरगड्या कशा आहेत?"

"दोन मोडल्या होत्या. जुळल्या." जावेनं जीभ चावली. गुरुजी घुटमळले. "ते दाबायचं मला शिकवाल? घरी आम्ही दोघंच. हिला काही झालं तर मी काय नुसता बघत बसू?"

मावशींनी उशी आणली, तिला तोच शर्ट चढवला आणि जमिनीवर ठेवली. कापडही वाया गेलं नाही.

"हं, बसा गुडघ्यांवर."

"आणि गुरुजी," जाऊ म्हणाली, "खांद्याकडे बघू नका हं!"