शिबिरात मी म्हैस सांभाळली

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमचं हिवाळी शिबीर सिरसाळ्याच्या पुढच्या एका खेड्यात लागलं. आठवडाभर तिथंच राहायचं, शाळेच्या खोल्यांत झोपायचं आणि गावासाठी काहीतरी काम करायचं. अब्बा मला पाठवायला तयार नव्हते. बसस्टँडच्या मागं त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शिबीर घेणारे आमचे सर गाडी दाखवायचं निमित्त करून तिथं गेले आणि हळूच विषय काढला. अब्बा प्लग पुसत म्हणाले, "सर, पोरगी घरात तांब्या उचलत न्हाई. ती गावाची काय सेवा करनार?"

"म्हणूनच पाठवा," सर म्हणाले. अब्बांना हसू आलं, आणि मी गेले.

पहिल्या दिवशी तालुक्याचे एक पुढारी उद्घाटनाला आले. हार झाले, भाषण झालं, त्यांचा कुदळ मारताना फोटो निघाला. गाड्या धुरळा उडवत गेल्या आणि कुदळ आमच्या हातात राहिली. सांडपाणी जिरवायला घरोघर शोषखड्डे खणायचे ठरले होते. वरची काळी माती सहज निघायची, पण खाली मुरूम लागला की कुदळ नुसती वाजायची. संध्याकाळपर्यंत माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले.

गाव मात्र अर्धं रिकामं होतं. कितीतरी दारांना कुलपं होती. कर्ती माणसं ऊसतोडीला गेलेली, मागं राहिलेले म्हातारे आणि शाळेतली पोरं. खड्डा कुणाच्या दारात खणायचा हे विचारायलाही माणूस सापडत नव्हता.

शाळेला लागूनच एका आजींचं घर होतं. आम्हा मुलींची पाण्याची, अंघोळीची सोय त्यांच्याकडं होती. मुलगा-सून साखर कारखान्यावर तोडणीला गेलेले, घरात आजी एकट्या आणि दारात म्हैस. तिची वगार नुकतीच जन्मलेली. रोज संध्याकाळी आजी धार काढायला बसल्या की मी जवळच्या दगडावर बसून त्यांच्याशी बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुनाची गं तू?"

मी अब्बांच्या दुकानाचं सांगितलं, मग नाव सांगितलं. नाव सांगताना जरा थांबलेच. आजींनी धार काढता काढता विचारलं, "मंग दूध पितीस का न्हाई?"

"पिते की."

"मंग पेला आन."

त्या चहा ओतताना कपात बोट घालायच्या. मला सुरुवातीला ते कसंतरीच वाटलं. दोन-तीनदा पाहिल्यावर लक्षात आलं, बोटाला चहा लागला की त्या थांबतात. कप भरला की नाही हे त्यांना दिसतच नव्हतं. आम्हालाही त्या आवाजावरूनच ओळखायच्या. मी सरांना सांगितलं. शिबिरात एक दिवस डोळे तपासायला डॉक्टरांची गाडी येणार होतीच. सर म्हणाले, "त्यांना तूच घेऊन ये."

डॉक्टरांनी आजींच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन लगेच होण्यासारखं होतं. गावातले अजून काही म्हातारे दुसऱ्या सकाळी गाडीतून दवाखान्यात जायला निघणार होते. आजींनी मात्र साफ नकार दिला.

"कावून न्हाई म्हनताव आजी?" माझ्या मैत्रिणीनं विचारलं. ती उमापूरकडची, शेतकऱ्याघरची.

"म्हस हाय ना माय दारात. ती माझ्याबिगर कुनाला कासंला हात लावू देत न्हाई. मी तिकडं निजले अन् हिची कास सुजली तर?"

सरांनी त्यांच्या मुलाला फोन लावून दिला. तो उसाच्या फडातूनच बोलत होता, मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "आई, जा तू," तो म्हणाला. "मला हितून निघता येईना. पर तू जा."

"अन् म्हस?"

आम्ही एवढे तरुण हातपायवाले शिबिराला आलेलो, आणि या बाईचं अडलेलं एकच काम आमच्या कुठल्या कार्यक्रमात नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, आम्ही सांभाळतो म्हैस."

आजींनी माझ्या दिशेला तोंड केलं. "तुला धार काढता येती?"

"मला नाही. हिला येते," मी मैत्रिणीकडं बोट दाखवलं. बोट त्यांना दिसणार नाही हे नंतर कळलं.

आजी बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. सकाळी त्यांनी धार काढली, भिजवलेलं आंबोण कुठं आहे, कडबा किती घालायचा ते सांगितलं आणि सरांचा हात धरून गाडीत चढल्या. मी सरांना विचारलं, "सर, माझं खड्ड्याचं काम?"

"खड्डा बाकीचे खणतील. म्हैस हेच तुझं काम," सर म्हणाले.

संध्याकाळी मैत्रीण चरवी घेऊन म्हशीखाली बसली. वगारीला आधी पाजलं, मग तिनं सडाला हात लावला. म्हशीनं अशी लाथ झाडली की चरवी गोठ्याबाहेर आणि मैत्रीण शेणात. मुलं कुंपणावरून हसली. पुन्हा बसली, पुन्हा तेच. वगार अजून लहान, तिच्यानं एवढं दूध पिववत नव्हतं. कास ताठ झालेली मलासुद्धा दिसत होती. आदल्याच दिवशी मी फुशारकीनं शब्द देऊन बसले होते.

मैत्रीण शेण झटकत उठली. "मला ती वळखत न्हाई. तू रोज हितं बसायचीस, तुझा आवाज तिच्या कानात हाय. तूच बस."

"मला येत नाही गं."

"मी सांगते ना."

तिनं दोरीवरचं आजींचं लुगडं ओढलं आणि माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून गुंडाळलं. त्याला धुराचा, पेंडीचा आणि तंबाखूच्या मिश्रीचा वास येत होता. मी भीतभीत खाली बसले. "बोलत राहा," मैत्रीण मागून कुजबुजली. काय बोलावं सुचेना, म्हणून मी म्हशीला आमच्या घरचं सांगायला लागले. अब्बांचं दुकान, अम्मीचं शिवणकाम, माझ्या परीक्षा. म्हशीनं मान वळवून लुगड्याचा वास घेतला. पाय मात्र उचलला नाही. मैत्रिणीनं माझ्या बोटांवर बोटं ठेवून कसं दाबायचं ते दाखवलं. बऱ्याच खटपटीनंतर चरवीत बारीकशी धार वाजली.

त्या संध्याकाळी मनगटं ठणकेपर्यंत बसले तरी चरवी अर्धीसुद्धा झाली नाही. मग म्हैस जरा सैलावल्यावर मैत्रिणीनंच माझ्या शेजारी बसून उरलेलं काढलं. दुसऱ्या दिवशीही तसंच, मी बोलायचं आणि आम्ही दोघींनी काढायचं.

आजी परत आल्या त्या काळा चष्मा लावूनच. गाडीतून उतरल्या आणि थेट गोठ्यात गेल्या. म्हशीची कास चाचपून पाहिली, मग वगारीच्या पाठीवर थाप मारली. नंतर वळून माझ्याकडं बघायला लागल्या.

"ती तू व्हय?"

"होय आजी."

"आगं माय! आवाजावरून मला वाटलं लई थोराड पोरगी असंल. तू तर चिमनीएवढी हायेस!"

सगळे हसलो. त्या घरात गेल्या, आम्हीही मागोमाग गेलो. आत जाऊन त्या मधोमध उभ्या राहिल्या. चुलीमागची काजळी, भांड्यांवर बसलेले थर, कोपऱ्यातली जाळी, एकेक पाहत होत्या. त्यांचं हसू मावळलं.

"आसं घर झालंय माझं," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी रोज येत व्हतात. कुनी बोललं कसं न्हाई?"

आमच्यातली एक मुलगी झाडू घ्यायला पुढं झाली. "आजी, आम्ही आत्ताच स्वच्छ करतो. तुम्ही बसा."

"ठिव तो झाडू," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका करडा मी ऐकलाच नव्हता. मग जरा मऊ झाल्या. "डोळा बरा झाला की मी करीन. आता दिसतंय मला. माझं घर हाय."

मुलीनं झाडू जागेवर ठेवला. आम्ही खाली बसलो आणि आजींनी सांगितलं तेवढंच केलं, म्हणजे चहा.

चहा पिताना मुलाचा फोन आला. मैत्रिणीनं व्हिडिओवर घेऊन मोबाईल आजींच्या पुढं धरला. मुलगा ऊसतोडीच्या टोळीच्या खोपटापुढं बसलेला होता, डोक्याला रुमाल. "दिसतंय का गं आई?" त्यानं विचारलं. आजींनी मोबाईल हातात घेतला, चष्म्यापाशी नेला, पुन्हा लांब धरला.

"किती वाळलास रे," त्या म्हणाल्या. "फोनवर तर सदा म्हनतूस, समदं ठीक हाय."

पलीकडं तो नुसता हसत राहिला, आणि आजी त्याच्याकडं पाहत राहिल्या. आम्ही पोरी एकेक करून बाहेर आलो.

शेवटच्या दिवशी समारोपात प्रत्येकानं काय शिकलो ते सांगायचं होतं. मुलं श्रमाचं महत्त्व, एकजूट, ग्रामविकास असं बोलत होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मला थोडीशी धार काढता येते." हशा पिकला. सर हसले नाहीत, त्यांनी नुसती मान हलवली. त्या हशाचं मला वाईट वाटलं नव्हतं. उलट, जे सांगायचं होतं ते मी सांगितलं असंच वाटलं होतं.

आता मी स्वतः एका कॉलेजात शिकवते आणि शिबिराला मुलं घेऊन जाते. पहिले दोन दिवस मी त्यांच्या हातात कुदळ देत नाही. नुसतं गावात फिरा, ओट्यावर बसा, पाणी मागा, गप्पा मारा, म्हणते. मुलं कुरकुरतात. मागच्या हिवाळ्यात कडा गावाजवळच्या एका खेड्यात एक विद्यार्थिनी दुपारी तावातावानं आली. "मॅडम, आपण काम कधी सुरू करायचं? मी दोन दिवस नुसती एका मावशीच्या दारात बसलेय."

"काय म्हणतात मावशी?" मी विचारलं.

ती सांगायला लागली. मावशींचे गुडघे, विहिरीची निसरडी पायरी, तिथून घसरून पडलेली शेजारीण. सांगता सांगता मध्येच थांबली आणि म्हणाली, "मॅडम, सिमेंट कुठं मिळेल इथं?"