आटलेला समुद्र

वाळूजच्या कारखान्यात कायम झालो त्या वर्षी बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत मी समुद्र आणला. खरंच समुद्र! मुंबईला माल नेणारा एक ट्रकड्रायव्हर परतताना माझ्यासाठी खाऱ्या पाण्याचे कॅन भरून आणायचा. काचेच्या टाकीत मुंबईहूनच आणलेले खडक, दोन मासे आणि माझा लाडका फेदर डस्टर. तसा तो किडाच. मळकट नळीत राहतो, पण नळीच्या तोंडातून तपकिरी-पांढरा पिसारा असा फुलवतो की बघणारा खुळा व्हावा. सावली पडली की झटकन आत! शिफ्टच्या बसमध्ये मी त्याच्याबद्दल इतकं बोलायचो की लोक जागा बदलून बसायचे.

त्या थंडीत पाणी गार पडू नये म्हणून टाकीवर बल्ब लावून ठेवला. पाणी आटायला लागलं. आटलं की मी कॅनमधलं ओतायचो. आम्ही कोरड्या मुलखातली माणसं. समुद्र कमी झाला तर समुद्रच घालायचा, एवढीच आमची अक्कल. एका सकाळी पाहतो तर पिसारा गळून तळाशी पडलेला. नळी काढून फेकायला निघालो, तर आईनं हात धरला आणि ती नाकाशी नेली.

"वास नाय मारत. जिता हाय ह्यो." मग टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "लई खारट! आरं, आमटी आटल्यावर तू वरून आमटीच वततो का? साधं पाणी घाल की."

मी कपाळावर हात मारला. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं! आयटीआय केलेल्या मला हे चौथी शिकलेल्या आईनं सांगावं लागलं. नळी परत टाकीत ठेवली. त्या दिवसापासून माठातलं पाणी थोडं थोडं घालायचं आणि नळीकडं बघत बसायचं. आठवड्यामागून आठवडे गेले. घरात वाट पाहणारे आता दोघं झालो: मी पिसाऱ्याची, वडील विद्यापीठाच्या नामांतराची. त्यांची तर उमेदीची सगळी वर्षं मोर्च्यांत आणि जेलात गेली होती.

नामांतर झालं त्या संध्याकाळी ते निळ्या गुलालानं माखून, घसा बसवून घरी आले. ते दारात असतानाच मी ओरडलो, "फुटला! नवा पिसारा फुटला!" ते धावत टाकीवर वाकले. त्यांची सावली पडली आणि पिसारा गडप.

"कुठंय?"

आई हसली. "इतकी वर्सं वरडलात, आता दोन मिंटं गप उभं ऱ्हावा."

वडील दोन पावलं मागं सरकले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. मीही श्वास रोखला. नळीच्या तोंडाशी काहीतरी हललं. मग दाढीच्या ब्रशाएवढा पिसारा हळूहळू उलगडत बाहेर आला.

"आला," बसलेल्या घशानं वडील म्हणाले. विद्यापीठाच्या गेटवर ते दिवसभर नाचले होते. रडले ते इथं, टाकीपुढं.