दहा डोक्यांची बाई आणि आमची अक्का

आमच्या फॅशन डिझाइनच्या वर्गात एका मुलीला नातू होता.

ती मुलगी परवा गेली. झोपेतच. कुणाला धावपळ नको, दवाखाना नको.

आम्ही सगळे अठरा-एकोणीसचे आणि ती पन्नाशी ओलांडलेली. नाव लक्ष्मी, पण नावानं हाक मारायची कुणाची टाप नव्हती. सगळ्यांची अक्का.

घरात तेलुगू, दारात मराठी. माहेरी माग, सासरी माग. नवरा टॉवेलच्या कारखान्यात आणि ही वर्षानुवर्षं घरी ब्लाऊज शिवणारी.

ॲडमिशनच्या खिडकीत क्लार्कनं विचारलं, "मुलगी कुठं आहे?"

"समोर हुबी हाय की."

या वयात कॉलेजला का आलीस, असं मी तिला पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"गल्लीतल्या समद्या पोरींना गॅदरिंगचे ड्रेस मीच शिवले. गॅदरिंग कसं असतंय ते बघायचं होतं."

एकही गॅदरिंग चुकवलं नाही तिनं. नाचली पण. व्हिडिओ आहे माझ्याकडं, पण मामा, म्हणजे तिचे मिस्टर, ही पोस्ट वाचणार आहेत. म्हणून टाकत नाही.

शिलाईत तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. अडली ती चित्रात.

फॅशन स्केचमध्ये बाई उंच काढतात. तिचं डोकं जेवढं, त्याच्या दहा पट उंच. खरी माणसं सात-साडेसातातच संपतात. वरचा सगळा हिशोब पायात घालायचा.

"दहा डोकी?" अक्का म्हणाली. "बाई हाय का रावण?"

तिच्या कागदावर उतरायच्या त्या तिच्या गल्लीतल्या बायका. बुटक्या, गोल, भरल्या दंडाच्या. एकीच्या कमरेला तर किल्ल्यांचा जुडगा.

मॅडम चांगल्या होत्या, पण त्या तरी काय करणार. "अक्का, ही फॅशन फिगर नाही हो."

"मग तुमची ती बाई सोलापुरात कुटं ऱ्हाते सांगा. जाऊन माप घिऊन येते."

एटीकेटी लागली. पुन्हा लागली. नातू तेव्हा चौथीत. तो "आज्जी नापास, आज्जी नापास" करत घरभर पळायचा आणि ही लाटणं घेऊन त्याच्या मागं.

शेवटच्या वर्षी मात्र तो एकच विषय उरला. तो सुटला नाही तर डिग्री नाही. हे कळलं त्या दिवशी अक्कानं डबा उघडला नाही. एरवी डब्यावरचं झाकण काढायच्या आधी हिच्या गप्पा सुरू व्हायच्या.

मी बार्शीची, होस्टेलवर राहणारी, तिच्याच भाकरी-चटणीवर पोसलेली. त्यामुळं अक्काला पाय शिकवायचं काम माझ्याकडं आलं.

"अजून लांब, अक्का."

"अजून?"

"अजून."

"अगं, कागद संपला की."

परीक्षेत काढली तिनं एकदाची ती दहा डोक्यांची बाई. काठावर का होईना, सुटली. पण पेपर देऊन बाहेर आली तेव्हा तोंड एवढंसं झालेलं.

"काय झालं गं?"

"एका बाईला उगं ताणलं आज. पाय दुखत असतील तिचे."

फायनल शोला आम्ही उंच मॉडेल शोधत शहर पालथं घातलं. अक्कानं गल्लीतल्या बायका आणल्या. त्यातली एक रॅम्पच्या मधोमध थांबली, पहिल्या रांगेतल्या ओळखीच्या बाईला "जेवलीस का?" विचारलं आणि मग पुढं गेली. टाळ्या थांबेनात.

पुढं तिनं घरातच बुटीक टाकलं. पाटीवर नावापुढं डिग्री, ठळक अक्षरात. "जरा बारीक झाले की शिवते" म्हणणाऱ्या बाईला ती उठूच द्यायची नाही. "आज हाईस तेवढीच शिवू. कापड वाढवता येतंय की."

मी आता युनिफॉर्मच्या कारखान्यात डिझाइन करते. पोरांची मापं घेताना तिचं हे वाक्य रोज आठवतं. आणि माझ्या या भरल्या दंडांवर मी आयुष्यात पहिल्यांदा स्लीव्हलेस घातलं, ते तिनं शिवलेलं.

काल मामांचा फोन आला. "तू डिझाइनवाली हाईस. चौकातला श्रद्धांजलीचा बोर्ड तूच बघ की."

मी पदवीदानाचा फोटो निवडला. काळा गाऊन, गालभर हसणारी अक्का. प्रिंटिंगवाल्याला पाठवून दिला. फोटो आडवा, बोर्ड उभा. त्यानं घाईत बसवून टाकला.

संध्याकाळी चौकात गेले. लोक हात जोडून उभे होते.

वर अक्का. उंच. सडपातळ. मान सुरईसारखी. गाल गायब.

दहा डोक्यांची.

मला हसू फुटलं. भर चौकात, श्रद्धांजलीच्या बोर्डासमोर. दोन दिवस रडू आलं नव्हतं, ते पण त्यातच आलं.

अक्काच्या जाऊबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. छान बारीक दिसतीय."

मामा बराच वेळ वर बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "ही कोण हाय?"

बोर्ड उतरवला. मी प्रिंटिंगवाल्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले.

"मॅडम, असा बसवला तर वर-खाली जागा मोकळी राहते."

"राहू दे. फुलं टाक तिथं. पण तिला ताणू नकोस."

आज सकाळी नवा बोर्ड लागला. बुटकी, गोल, गाल पार गाऊनच्या कॉलरवर आलेले. नावापुढं डिग्री.

मामांनी बघितलं. "हां," म्हणाले. "आली."

आमची अक्का आज चौकात उभी आहे. तिकडून गेलात तर क्षणभर थांबा, आणि हसू आलं तर हसा. ती काही म्हणणार नाही.

मनापासून नमस्कार, अक्का.

तुझे पाय नाही दुखणार आता.