कडक शाफ्टवरच्या लाटा

रत्नमाला मेडशीची. आयटीआयमध्ये टर्नरचं काम शिकली आणि गेली अकरा वर्षं मालेगावात दौलतसिंगांच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवते.

त्या आठवड्यात तिला अन्न गोड लागत नव्हतं. जऊळक्याच्या डाळमिलचे भागवत भट्टीत कडक करून आणलेले तीन शाफ्ट देऊन गेले होते. तेल गळू नये म्हणून लावतात ती रबरी ऑइल सील बसते तेवढी जागा गुळगुळीत करायची होती. दोन शाफ्ट तिनं ट्यूबलाइटखाली पाहून पाठवलेही. तिसरा दारात, उन्हात धरला तेव्हा त्यावर बारीक लाटा दिसल्या. नख फिरवलं, तर अडखळलं.

तिनं फीड, म्हणजे टूल पुढे सरकायची गती, कमी केला. शाफ्ट फिरण्याचा वेग उतरवला. टूलला कापणारी नवी टिप लावली, टूल कमी बाहेर राहील असं आत सरकवलं. लाटा कमीजास्त झाल्या, पण गेल्या नाहीत. दर वेळी केसाएवढा थर निघत होता; जाडी मापाखाली गेली की शाफ्ट भंगारात जाणार.

"कायले जीवाले घोर लावतं?" दौलतसिंग म्हणाले. "पॉलिश पेपर मार अन् देऊन दे. कोणाले दिसते?"

"वरून चमकन, दादा. लाटा राह्यतीनच. सीलचं रबर खाऊन टाकतीन."

जेवणाचा डबा उघडा पडला होता. ती उठायची, बसायची, पुन्हा लेथपाशी जायची. शेवटी तिनं सगळं टूल खोललं. टिपेखालच्या छोट्या बैठक-पट्टीला बारीक तडा गेला होता. कडक लोखंड कापताना टिप थरथरत होती. पट्टी बदलून तिनं पुन्हा एक थर काढला. नख सरळ घसरत गेलं.

"झालं ना आता?" दौलतसिंगांनी विचारलं.

तिचं झालं नव्हतं. पहिले दोन शाफ्टही त्याच पट्टीवर केलेले. तिनं भागवतांना फोन लावला.

"भाऊ, माह्या हातून चूक झाली. ते शाफ्ट लावू नका."

"एक लावला ना परवा! तेल गळून राह्यलं. मी सीलवाल्याले नाही नाही ते बोलून आलो."

दौलतसिंग भडकले. "आपल्याच तोंडानं सांगाची काय गरज होती?"

दुसऱ्या दिवशी भागवत दोन्ही शाफ्ट घेऊन आले. एक सुधारला. दुसऱ्याची जाडी लाटा काढता काढता मापाखाली गेली, तो वाया गेला. त्याच्या बदल्यात तिनं नवा शाफ्ट केला. मिल सुरू होऊन दोन दिवस झाले तरी ती भागवतांना फोन करतच होती, "भाऊ, गळत नाही ना?"