मेधामावशी आणि माझे सहा विषय

सुरुवातीलाच माफी मागतो. मेधामावशींबद्दल लिहिण्याचा अधिकार माझ्याआधी बऱ्याच जणांचा आहे. त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हत्या. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही ज्या इमारतीत राहतो तिथे त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, एवढंच नातं. माझं मराठी लिहिणं खामगावला नववीत सुटलं, त्यामुळे चुका असतील. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांना शेवटचा निरोप द्यायला मी नव्हतो. मी तीन मैलांवर होतो, ठणठणीत होतो, आणि तरी नव्हतो. ते कसं झालं हे सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचतच नाही... म्हणून लिहितो आहे. लग्नानंतरही काही वर्षं त्या नागपूरला एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायच्या. तिथले त्यांचे विद्यार्थी कदाचित हे वाचतील. त्यांच्या बाई त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. इकडच्या मेधामावशी मला थोड्या माहीत होत्या.

आम्ही २००४ मध्ये आलो, आत्याने आमच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला होता म्हणून. माझे बाबा दहावी, आई सातवी. दोघंही इथे एका गोदामात खोकी भरायचं काम करतात. डब्लिनमधली बाकीची मराठी माणसं म्हणजे सगळे इंजिनिअर, त्यामुळे आम्ही त्यांच्यात जरा अंग चोरूनच वावरायचो. मावशी मला पहिल्यांदा भेटल्या त्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत. मशीन थांबेपर्यंत मी ड्रायरवर वही ठेवून भूमिती करत होतो, आणि सवयीने मराठीत पुटपुटत होतो. मागून आवाज आला, "काय करून राहिला रे तू इथे? समद्विभुज म्हणालास ना आत्ता?" मी घाबरून हो म्हटलं. त्या तिथेच कपड्यांची टोपली खाली ठेवून हसत सुटल्या. म्हणाल्या, "तीन वर्षांत हा शब्द ऐकला नव्हता मी. चल वर, चहा पी."

त्यानंतर दर रविवारी सकाळी मी वर जायला लागलो. त्या नवऱ्याच्या, म्हणजे विनयकाकांच्या, व्हिसावर आलेल्या, त्यामुळे त्यांना इथे नोकरी करायची परवानगी नव्हती. ही गोष्ट त्यांना लागायची, पण बोलून दाखवायच्या ती थट्टेतच. "शिकवणं म्हणजे काम झालं, बाबा. मला कामाची परवानगी नाही. मी आपली चहा पिणार. तू बाजूला बसून गणित कर, आणि चुकलास की मी खोकेन." खरंच खोकायच्या. मी दहावीतून अकरावीत गेलो तो त्यांच्या खोकल्यावर, असं म्हटलं तरी चालेल. त्यांची मुलगी ईशा तेव्हा सात-आठ वर्षांची होती. ती समोर बसून चित्रं रंगवायची आणि मधेच मान वर करून म्हणायची, "गजादादा, ममा कॉफ्ड."

अकरावीच्या फेब्रुवारीत शाळेतून बारावीचे विषय निवडायचा फॉर्म आला. मला तो फॉर्म बघूनच धडकी भरली. खामगावला एकदा सायन्स घेतलं की विषय आपोआप येतात. इथे पाचपासून सातपर्यंत कितीही घ्या, त्यात साधे किती आणि एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, किती, हे तुमचं तुम्ही ठरवा. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी गोड हसून सांगितलं, की हा सर्वस्वी तुझा निर्णय आहे. आमच्या घरात आजवर कोणी असा निर्णय घेतलेला नव्हता. बाबा म्हणाले, "ते शिकवून राहिले ना? मंग घे सगळे. कमी काहून घ्यायचे?" मलाही तेच बरोबर वाटलं. घरातला पहिला कॉलेजला जाणारा मी. कमी विषय घेतले आणि त्यामुळेच कुठल्या कॉलेजने घेतलं नाही तर... मी सहा एपी लिहिले आणि फॉर्म घेऊन वर गेलो.

मावशींनी तो वाचला, खोकल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी फोन करून करून इमारतीतल्या मोठ्या मुलांकडून त्या सहाही विषयांची जाडजूड पुस्तकं मागवली, आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "एक आठवडा. प्रत्येकाचा एक धडा वाच. शाळा कर, जेव, झोप, आईला मदत करतोस ती कर. पुढच्या रविवारी येऊन सहाही धडे ईशाला समजावून सांग. तिला जे कळलं ते विषय घे." मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. त्या रविवारी ईशा गालाला हात लावून परीक्षक बनून बसली. पेशी तिला कळली. नाणेफेकीची शक्यता कळली, तिने तर वीस वेळा नाणं उडवून पाहिलं. डोंगराचा चढ कुठे किती हे कॅल्क्युलस कसं सांगतं, तेही मी चित्र काढून कसंबसं पटवलं. मानसशास्त्र तिला फारच आवडलं. युरोपच्या इतिहासात मी राजांची नावं विसरलो. केमिस्ट्रीला मात्र मी धडा समोर ठेवूनही काय बोलतोय ते मलाच कळेना. ईशाने शांतपणे सांगितलं, "यू डोन्ट गेट इट आयदर."

मावशींनी दोन विषयांवर काट मारली. "चार. चार पुष्कळ झाले. वाचलेल्या वेळात झोप काढ आणि रविवारी इथे ये." मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "हे बघ गजा, कॉलेजात मी सहा-सहा क्लासेस लावलेली मुलं पाहिली आहेत. हुशार होती रे. पण फळ्याकडे बघायची आणि त्यांना काही दिसायचंच नाही. तुझं तसं नको. मला शब्द दे." मी दिला.

तो शब्द मी तीन आठवडे पाळला. होळीला मराठी मंडळींचं पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण, होतं. पुरणपोळीच्या रांगेत शिरीषकाकांनी, म्हणजे इथे सगळ्यांत आधी आलेले एक गृहस्थ आहेत त्यांनी, मला विचारलं किती एपी घेतोयस. मी म्हटलं चार. "चारच? आमचा रोहन सहा घेतोय, सातवा ऑनलाइन करतोय." आणि मग माझ्या खांद्यावर थोपटून, अगदी चांगल्या मनाने म्हणाले, "असू दे, असू दे. तुझ्या परिस्थितीत चार म्हणजे खूपच आहेत." बाबा शेजारीच उभे होते, हातात द्रोण घेऊन. सोमवारी मी शाळेत जाऊन फॉर्म परत मागितला आणि काट मारलेले दोन्ही विषय पुन्हा लिहिले. बाबांनी न वाचता सही केली. आई-बाबांना माहीत होतं की विषय सहा आहेत. मावशींना मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवत गेलो.

बारावीचं वर्ष कसं गेलं ते मला नीट आठवतही नाही. सहा विषयांमुळे रविवार सकाळ उरलीच नाही, आणि खरं सांगायचं तर उरली असती तरी मी वर गेलो नसतो, कारण तोंड दाखवायची लाज वाटायची. जिन्यात भेटल्या की त्या म्हणायच्या, "काय साहेब, चारच विषय आणि एवढे बिझी?" मी हसून सटकायचो. मार्चमध्ये मला कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. आईने रव्याचे लाडू केले, ते घेऊन मी वर गेलो. मावशी सोफ्यावर पांघरूण घेऊन बसल्या होत्या. पत्र त्यांनी दोनदा वाचलं, मग ईशाला वाचायला लावलं. त्यांच्या दंडावर मोठा निळा डाग होता. म्हणाल्या टेबलाचा कोपरा लागला, हल्ली काही लागलं की डागच उठतो. निघताना त्यांनी विचारलं, "चारही बरे चाललेत ना रे?" मी म्हटलं, "हो मावशी, चारही मस्त." त्यांच्याशी मी बोललेलं हे शेवटचं वाक्य. दुसरं काहीही असतं तरी चाललं असतं...

एप्रिलमध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग निघाला, तोही झपाट्याने वाढणारा. हे डब्लिनमधल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. आपल्याकडे ही रीतच आहे, परीक्षेला बसलेल्या मुलाला वाईट बातमी सांगायची नाही. आमच्या चुलतभावाला आजोबा गेल्याचं शेवटचा पेपर देऊन आल्यावर सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी त्याच्या आईचं कौतुक केलं होतं की घरात कोणाच्या डोळ्याला पाणी दिसू दिलं नाही. पण इथे त्यात आणखी एक चूक झाली. आई-बाबांना वाटत होतं की मेमधल्या या एपीच्या परीक्षा म्हणजे बारावीचं बोर्ड; त्यात कमी-जास्त झालं की कॉलेज गेलं. प्रवेश मार्चमध्येच झालेला होता. या परीक्षांनी फार तर कॉलेजात एखादा विषय पुन्हा करायचा वाचला असता. हे मी त्यांना कधी समजावून सांगितलं नव्हतं, कारण ते माझ्या परीक्षेला इतकं मोठं समजतात हे मला आवडत होतं.

मावशी दिसत नाहीत म्हटल्यावर आई म्हणाली, त्या शिकागोला बहिणीकडे गेल्यात. इंडियन ग्रोसरीत एक काकू माझ्याकडे बघून डोळे पुसत दुसऱ्या रांगेत गेल्या, मला वाटलं कांद्याचं पोतं फुटलंय तिथे. परीक्षांच्या पहिल्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार माझे चार पेपर झाले. शनिवारी आई-बाबा सकाळीच बाहेर पडले आणि संध्याकाळी आले. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. मी विचारलं, तर म्हणाले गोदामात जास्तीचं काम होतं. मी पुन्हा इतिहासात डोकं घातलं. सोमवारी इतिहास झाला आणि मंगळवारी केमिस्ट्री.

मंगळवारी पेपर सुटला तेव्हा भर दुपारी बाबा शाळेच्या पार्किंगमध्ये उभे होते. ती त्यांची कामाची वेळ. मी लांबूनच ओळखलं की काहीतरी आहे, पण मला वाटलं आईला काही झालं. बाबांनी आधी विचारलं, "झाला का बाप्पा शेवटचा? कसा गेला?" मी म्हटलं, बरा गेला. मग त्यांनी माझं दप्तर स्वतःच्या हातात घेतलं आणि म्हणाले, "वरच्या मावशी गेल्या रे. शनिवारी सकाळी." मी म्हटलं, शिकागोला?

मी त्याच कपड्यांत वर गेलो. विनयकाकांनी दार उघडलं. दाराशी बूट-चपलांचा ढीग होता. ईशा टेबलाशी बसून चित्र रंगवत होती, तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मला रडूही येत नव्हतं. मी एवढंच विचारलं, "काका, मला का नाही बोलावलं?"

काकांनी मला आतल्या खोलीत नेलं. म्हणाले, "तिनेच परीक्षांचं वेळापत्रक पाहून सांगितलं होतं, पेपर होईपर्यंत त्याला कळू देऊ नका. गुरुवारी चौथा पेपर झाला की आणा, मला भेटायचंय. गुरुवारी दुपारी तिने नर्सला सांगून पलंग उंच करून घेतला, उठून बसली. मी तुझ्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, अजून दोन राहिलेत, सहा आहेत त्याचे."

काकांना त्यात काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही, ते आठवून आठवून सांगत होते. "मी तिला तसंच सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग हसली. मी म्हटलं, बोलावून घेतो ना, तासाभराचा तर प्रश्न आहे. तर म्हणाली, नको. सहा आहेत म्हणजे शेवटी मंगळवारी केमिस्ट्री असणार. तोवर त्याला काही सांगू नको... केमिस्ट्री कच्ची आहे त्याची."